आजीची तिसरी काठी

आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या म्हाताऱ्याने मला फसवलं. एकदा नाही, दोनदा. पहिली फसवणूक मी विसरलोही असतो, कारण तिच्यात माझा फायदा झाला. दुसरी मी अजून भोगतो आहे, रोज सकाळी साडेदहापासून दुकान बंद होईपर्यंत, सोमवार सोडून.

मी नळाच्या धंद्यात आहे. बोरिवली पश्चिमेला मार्केटमध्ये आमचं बाथरूम फिटिंगचं दुकान आहे. नळ, शॉवर, वॉशबेसिन, कमोड, सगळं मिळतं. सुरुवात केली तेव्हा दुकान नव्हतं, खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत नळ. चारकोपला नव्या बिल्डिंगा होत होत्या, तिथे जिने चढून मी ते विकले. वडील गिरणी बंद पडल्यावर घरी बसले होते आणि गावाला, मालवणकडे, परत जायच्या गोष्टी करत होते. मला जायचं नव्हतं. भाव कसा करायचा हे मला कोणी शिकवलं नाही. माझं मीच शिकलो, आणि मला वाटायचं चांगला शिकलो. घासाघीस माझ्या अंगात आहे. राग पण आहे. बायको म्हणते, दोन्ही एकाच नळाने येतं तुमचं, गरम-गार वेगळं करता येत नाही.

तर दुकान अरुंद. त्यात कमोड किती मांडणार? अर्धा माल बाहेर फुटपाथवर असायचा. पालिकेची गाडी दिसली की आम्ही कमोड कवेत घेऊन आत पळायचो. कमोड घेऊन पळणारा मालक गिऱ्हाइकाने एकदा पाहिला की ते गिऱ्हाईक पुन्हा त्याला घाबरत नाही. त्यात समोर काचेचं, एसीचं मोठं शोरूम आलं. तिथे शॉवर चालू करून दाखवायचे, खरं पाणी पडायचं. लोक आमच्याकडे भाव विचारून तिकडे जायला लागले. मला शेजारचा गाळा हवा होता. तो मिळाला तर दुकान टिकणार होतं, नाहीतर पुन्हा पिशवी खांद्याला. आणि पन्नाशीला आलेल्या माणसाला जिने चढवत नाहीत.

शेजारच्या गाळ्यात तो बसायचा, चार टीव्ही आणि सहा रिमोट घेऊन. व्हिडिओ गेमचं पार्लर. सगळे त्याला अंकल म्हणायचे, मीही म्हणायचो. सत्तरीकडे झुकलेला, काटकुळा, अंगात पांढरा शर्ट, खाली हाफ पँट आणि रबरी चपला. गोराई गावचा. रोज बोटीने खाडी ओलांडून यायचा. शटरवर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: ‘वेळ – भरतीप्रमाणे.’

ही थट्टा नव्हती. पार्लर कधी सकाळी नऊला उघडायचं, कधी दुपारी एकला. मार्केटमधल्या प्रत्येक दुकानदाराला अंकलच्या गिऱ्हाइकांनी छळलं असेल, पण सगळ्यात जास्त मला. दिवसातून दहा जण विचारणार, “अंकल कधी येणार?” मी काय समुद्राचा नोकर आहे?

“अहो अंकल,” मी एकदा म्हटलं, “आता जेट्टी झाली. बोटी भरतीला सुटतात, ओहोटीलाही सुटतात. घड्याळाने या ना.”

“बोट सुटते रे,” तो म्हणाला. “मी नाही सुटत.”

तरुणपणी तो त्याच बोटींवर दोरी फेकायचं काम करायचा. बोट धक्क्याला लागताना खांबात दोरीचा फास टाकायचा, एवढंच काम. तो म्हणायचा, आयुष्यात मी एवढंच शिकलो आणि एवढं पुरलं. नंतर त्याला या गाळ्यात बसवलं गेलं. ‘बसवलं गेलं’ हे शब्द त्याचे. कोणी बसवलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आणि ती माझी चूक. आधी फोनचा बूथ होता, मग इंटरनेटचे कॉम्प्युटर आले, मग हे टीव्ही.

त्याचे एकेक प्रकार सांगायचे तर दिवस जाईल. प्रत्येक खेळणाऱ्याच्या हातानंतर रिमोट स्पिरिटच्या फडक्याने पुसायचा आणि गाळ्यात आडव्या बांधलेल्या दोरीला चिमटा लावून टांगायचा, चड्ड्या-बनियन वाळत घालतात तसा. उकडलेल्या शेंगांचं भांडं असायचं, पण शेंगा फक्त हरलेल्याला. जिंकलेल्याने मागितल्या तर म्हणायचा, “तुझं पोट भरलंय.” आणि त्याने सगळ्या जगाचे दोनच भाग केले होते: लवकरवाले आणि उशीरवाले. म्हणजे बटण वेळेआधी दाबणारे आणि वेळ गेल्यावर दाबणारे. हे खेळापुरतं नव्हतं. आमच्या मार्केटचा सेक्रेटरी उशीरवाला. समोरचा शोरूमवाला उशीरवाला, पण भांडवलावर निभावतोय. नाक्यावरचा डॉक्टर लवकरवाला, तोंड उघडायच्या आत गोळी लिहितो. कोणाचं लग्न मोडलं असं कानावर आलं की विचारायचा, “कोण लवकरवालं होतं, तो का ती?”

मी कोण, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी नुसतं “अंकल, जरा...” म्हटलं होतं आणि तो म्हणाला, “लवकरवाला.”

गाळ्यासाठी मी त्याच्या दोन वर्षं मागे होतो. मी भल्याभल्या बिल्डरांना भावात वाकवलंय. पण भाव करायला समोरच्याला काहीतरी हवं असावं लागतं. याला काही हवंच नव्हतं. मी आकडा बोललो की तो रिमोट पुसायचा. वाढवून बोललो की दुसरा रिमोट पुसायचा. शेवटी एका दुपारी पालिकेच्या गाडीने माझे चार कमोड नेले, आणि मी घामाघूम होऊन त्याच्या दारात उभा राहिलो.

“अंकल, हा गाळा मला द्या.”

“घे की.”

मी पुढचं सगळं भाषण तयार करून आलो होतो, ते फुकट गेलं. “कधी?”

“आजीला हरवलंस की.”

“कोणाच्या आजीला?”

त्याने टीव्हीकडे बोट दाखवलं.

कुंगफूचा खेळ होता. एक पाच मजली मनोरा, प्रत्येक मजल्यावर एक पैलवान. त्याला हरवलं की जिना उघडतो. सगळ्यात वर, पाचव्या मजल्यावर, एक म्हातारी. पांढरे केस, हातात काठी, एका पायाने लंगडी. कॉलेजची पोरं चार मजले हसतखेळत चढायची आणि त्या म्हातारीपाशी आडवी व्हायची. सगळ्या पार्लरमध्ये तिला आजी म्हणत, आणि अंकलचा नियम होता, तिला ‘ती’ म्हणायचं नाही, ‘त्या’ म्हणायचं. मी इथे ‘ती’च लिहिणार आहे. मला तिने फार छळलंय.

मी साहजिकच भाव केला. “पहिल्या मजल्यावरचा जाड्या चालेल का?”

“आजीच.”

“बरं, खालचे तिघे मिळून एक आजी धरा.”

“आजीच.”

“मग मला एक अर्धी चूक माफ.”

“शेट,” तो म्हणाला, “तू टीव्हीशी भाव करतोयस.”

त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार, मार्केट सुस्त असताना, मी शेजारच्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. बायकोला सांगितलं, गाळ्याची बोलणी चालू आहेत. ते खोटं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्याने रिमोटवरच्या मारायच्या बटणावर चिकटपट्टी लावली. पांढरी, जखमेवर लावतात ती.

“मारायचं कसं मग?”

“मारायचं नाही. महिनाभर नुसतं अडवायचं.”

अडवायचं बटण वेगळं, डाव्या बोटाखाली. ते नुसतं दाबून धरलं तर काही उपयोग नाही, आजी दोन फटक्यांत हात झटकून टाकते. काठी अंगाला लागणार त्याच क्षणी ते दाबायचं. मग काठी हातावर अडते आणि टण्ण असा आवाज येतो. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. अस्सल पितळी नळावर किल्ली आपटली की तसाच येतो. लोखंडावर मुलामा दिलेला नळ असेल तर खट्ट वाजतो. तीस वर्षं मी गिऱ्हाइकाला हेच वाजवून दाखवत आलोय. महिनाभर माझ्या हातून नुसतं खट्ट वाजत होतं.

आजीची रीत अशी. पहिला फटका, दुसरा फटका, लगोलग, एक-दोन. ते दोन कोणीही अडवतो. मग ती काठी डोक्यावर नेते आणि थांबते. नुसती थांबते. तिचा लंगडा पाय जरा हलतो, केस उडतात, मागे कुठेतरी घंटा वाजते. आणि इकडे माणसाचं बोट शिवशिवतं. तिसरा फटका आता येणार, आता येणार असं वाटून माणूस बटण दाबतो. मग काठी येते, ती मोकळ्या डोक्यावर.

“घाबरलास म्हणून दाबलंस,” अंकल शेंगा पुढे करत म्हणायचा. किंवा, “आता रागाने दाबलंस.” न बघता सांगायचा, पाठ करून रिमोट टांगत असताना. “बटण तुझं नाही रे. आजीचं आहे. त्या सांगतील तेव्हा.”

“कशा सांगतील? तोंडाने?”

“खांदा बघ.”

खांदा मी बघत होतो. पण बघणं आणि थांबणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर कापायला मला सात महिने लागले. त्यात एकदा मी रिमोट भिंतीवर आपटला. अंकलने तुकडे गोळा केले, चिमटा लावून एकेक तुकडा दोरीला टांगला. दुसऱ्या दिवशी पाटीवर ‘भरतीप्रमाणे’च्या खाली खडूने नवी ओळ होती: ‘लवकरवाल्यांना चार दिवस बंद.’ सगळं मार्केट वाचून गेलं. चहावाल्याने मला विचारलं, “शेट, हे तुमच्याबद्दल हाय ना?” मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही.

पाचव्या दिवशी अंकल स्वतः दुकानात आला. म्हणाला, “सोमवारी जेट्टीवर ये. जुनी चप्पल घालून.”

सोमवारी आमचं मार्केट बंद असतं. मी गेलो. पाणी चांगलं चढलेलं होतं, बोट धक्क्याला लागून वर-खाली होत होती, हात-दीड हात वर, तेवढीच खाली. मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, शाळेचे मास्तर, सगळे चढत होते.

“चढ,” तो म्हणाला.

मी चढलो. बोट त्याच वेळी खाली गेली, माझी नडगी कडेला घासली, आणि मी एका कोळणीच्या रिकाम्या टोपलीत हात टेकला. तिने माझा जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही. मग तो चढला. चढला म्हणजे काय, जिन्याची पायरी असावी तसा चालत आत आला.

“पाय कधी टाकलास तू?”

“मला चढायचं होतं तेव्हा.”

“बोट वर येत असेल तेव्हा पाय पुढे धरून उभा राहा. ती येते. तू फक्त ठेवायचा.”

त्याने मला पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं. बोटवाले त्याला ओळखत होते, हसत होते. लोक चिडायला लागले की आम्ही बाजूला व्हायचो, पुढची बोट आली की पुन्हा. उन्हं डोक्यावर आली तेव्हा कधीतरी मी पाय पुढे धरला, काही केलं नाही, आणि बोटच वर येऊन पायाखाली उभी राहिली. मला हसू आलं. अंकल हसला नाही. पाण्याकडे बघत म्हणाला, “इथेच एक जण घाईत चढलं होतं. पाय मध्ये सापडला, बोट आणि दगडाच्या.”

“कोण?”

“उतर. परत चढ.”

त्यानंतर दीड-दोन महिन्यांत आजी हरली. ती दुपार मला बारकाईने आठवते. चिकटपट्टी त्याने महिनाभर म्हणता म्हणता शेवटी आदल्या आठवड्यात काढली होती. एक-दोन अडवले. काठी वर गेली. बाहेरून कोणीतरी ओरडलं, “शेट, फ्लशची टाकी आहे का?” आणि मी उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हाकेला मी उत्तर दिलं नाही. आजीचे केस उडाले, घंटा वाजली, पाय हलला. मी बसलो होतो. मग तिचा खांदा एक बोटभर खाली आला.

टण्ण.

पुढचं काय, अडवल्यावर आजी दोन पावलं मागे जाते, तेवढ्यात दोन ठोसे. पुन्हा तेच. पुन्हा. शेवटी ती काठी जमिनीवर ठेवते आणि खाली बसते. नमस्कार वगैरे करत नाही, नुसती बसते. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

अंकल उभा राहिला. मला वाटलं पाठ थोपटेल. तो म्हणाला, “सोमवारी गोराईला ये. बायला भेट. गाळा बायचा आहे.”

“कोणाच्या बायचा?”

“माझ्या. मोठी बहीण.”

मी पेटलो. सात महिने, दुपारची झोप सोडून, नडगी सोलून, आणि गाळा याचा नाहीच? त्याला मी जे जे बोललो ते त्याने रिमोट पुसत ऐकून घेतलं. माझा दम संपल्यावर म्हणाला, “मी काय म्हटलं होतं, आजीला हरवलंस की घे. आता घ्यायला जा.”

“मग तुम्हीच विचारा ना बहिणीला.”

“चाळीस वर्षं विचारतोय. मला पण सुटायचंय इथनं. मी तोंड उघडतो आणि ती नाही म्हणते. तू काय समजलास, एवढे खेळ आहेत, मी त्या म्हातारीलाच का धरून बसलोय?”

माझ्या डोक्यात एक शंका आली. “अंकल, ही टीव्हीवरची तरी तुम्ही हरवलीय ना?”

त्याने दोरीवरचा रिमोट काढला, पुसला, परत टांगला.

सोमवारी गोराई. चर्चच्या मागच्या गल्लीत बैठं घर, ओट्यावर चिंच वाळत घातलेली, आणि चिंचेपाशी ती. ऐंशीच्या आसपास. अंकलहून बुटकी आणि दुप्पट रुंद. भिंतीला काठी टेकलेली, आणि डावा पाय गुडघ्याखाली वाकडा. मी त्या पायाकडे पाहिलं आणि मला जेट्टीवरचं बोलणं समजलं. बोरिवलीच्या बाजारात तिने तीस वर्षं भाजीची पाटी लावली होती, आणि त्या भाजीतून गाळा घेतला होता, हे अंकलने बोटीत सांगितलं होतं. म्हणजे मी नळ विकून जे झालो ते ती माझ्या आधी भाजी विकून झाली होती. मला बिल्डरांची भीती वाटत नाही. भाजीवालीची वाटते.

“काय विकतोस?” ती म्हणाली.

“नळ, आंटी.”

“गळतात?”

“नाही.”

एक-दोन. लगोलग. मग तिने काठी उचलून मांडीवर आडवी ठेवली आणि गप्प झाली.

माझ्या जिभेवर आकडा तयार होता. एवढंच नाही, आकडा, त्याच्या मागचा आकडा, आणि तोही नाकारला तर काय बोलायचं तेही. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. कावळा चिंचेवर बसला, तिने हाकलला नाही. अंकल ओट्याच्या दुसऱ्या टोकाला श्वास धरून बसला होता. मी पाय पुढे धरला आणि काही केलं नाही.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. तिचा खांदा खाली आला.

“माझ्या भावाचं काय करशील?”

हा तिसरा. मी आकडा बोलून बसलो असतो तर हा माझ्या टाळक्यात बसला असता, आणि गाळा गेला असता. तिला पैशाचं पडलेलं नव्हतं. गाळा विकला तर भाऊ दिवसभर घरात बसून काय करणार, एवढंच तिला चाळीस वर्षं विचारायचं होतं, आणि कोणी तिला तेवढं बोलू देत नव्हतं. तो स्वतः तर नाहीच.

“त्यांची खुर्ची तिथेच राहील,” मी म्हटलं. “येतील तोवर.”

“आणि एक टीव्ही.”

“आणि एक टीव्ही.”

तिने भाव सांगितला. मी कमी करायला तोंड उघडलं, आणि अंकलकडे बघून मिटलं. थोड्या वेळाने ती स्वतःच जरा खाली आली. मला कळेना, हे काय झालं. त्या क्षणी मी ते नीट लक्षात ठेवायला हवं होतं.

गाळा झाला. मधली भिंत पाडली. शॉवरची भिंत केली, वर टाकी बसवून खरं पाणी सोडलं, समोरच्या शोरूमच्या नाकावर टिच्चून. फुटपाथ मोकळा झाला. बायकोने आत येऊन एक चक्कर मारली आणि कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाली, “हे काय?” कोपऱ्यात दोन वॉशबेसिनच्या मध्ये अंकलची खुर्ची, एक टीव्ही, आणि दोरीला टांगलेले दोन रिमोट.

तो भरतीप्रमाणे यायचा, ओहोटीप्रमाणे जायचा. मला सुरुवातीला बरं वाटलं. नवरा नळ बघतोय, बायको बघतेय, तर सासरा अंकलपाशी बसतो. प्लंबर येतात, माल बांधून होईपर्यंत आजीच्या हातचा मार खातात, शेंगा खातात. दुकानात माणूस टिकतो. समोरचा शोरूमवाला एसी वाढवत बसला, मी म्हटलं वाढव.

दुसरी फसवणूक कळायला मला वर्ष लागलं. मला एवढंच दिसत होतं की विक्री वाढतेय आणि हातात मात्र पहिल्यासारखं राहत नाही. मी कंपनीला शिव्या घातल्या, ट्रान्सपोर्टवाल्याला घातल्या. मग एक दिवस शिंपोलीच्या एक बाई शॉवरचा सेट घ्यायला आल्या. साध्या बाई, शाळेत शिकवणाऱ्या. मी भाव सांगितला.

“जास्त होतो,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, पितळ बघा.” मी वाजवून दाखवलं. टण्ण.

त्या काही बोलल्या नाहीत. मी जरा खाली आलो. तरी काही नाही. मी म्हटलं, तुमच्यासाठी म्हणून शेवटचं. गप्प. मी त्या शेवटच्याच्याही खाली आलो आणि मग माझं मलाच ऐकू आलं. बाई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. माझ्या खांद्याकडे बघत होत्या.

“मॅडम,” मी विचारलं, “खांद्यावर काय आहे माझ्या?”

त्या ओशाळल्या. “काही नाही हो. ते कोपऱ्यातले अंकल म्हणाले, शेटचा खांदा खाली येईपर्यंत बोलू नका. दोनदा लगेच खाली येतात म्हणाले, पण खरं तिसऱ्याला असतं.”

मी कोपऱ्यात गेलो. माझ्या कानांतून वाफ निघत होती. “अंकल, माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीवर बसून, माझंच गिऱ्हाईक?”

“खुर्ची माझी आहे,” तो म्हणाला. तेही खरं होतं.

“किती जणांना सांगितलंत?”

“जे बसतात त्यांना. शिकवायला काहीतरी हवं ना. टीव्हीवरच्या आजी सगळ्यांना नाही जमत.” मग माझ्याकडे वर बघत, पहिल्यांदाच जरा खुशीत, म्हणाला, “शेट, तू आता पाचव्या मजल्यावर आहेस. लोक तुझ्याशी खेळायला येतात.”

मी त्याला घालवू शकत नव्हतो. मीच कबूल केलं होतं, येतील तोवर.

आणि आता तो येत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर एकदा जेट्टीवर बोट वर आली, पाय पुढे होता, आणि त्याला तो ठेवताच आला नाही. बोटवाल्यांनी धरला म्हणून बरं. गुडघे संपले. बायने त्याला सांगितलं, बस झालं. तिने सांगितलं म्हणजे झालं.

बायको म्हणते, आता तरी ती खुर्ची काढा, दोन गीझर मावतील. कायद्याने काढता येईल. मी म्हणतो, माप घ्यायला माणूस बोलावलाय. तिने दोनदा विचारलं, माणूस आला का. रिमोट मी अधूनमधून पुसतो, धूळ बसते म्हणून. आणि गिऱ्हाईक येतंच आहे, अंकलला कधी न पाहिलेलं, कोणाच्या मामाकडून, कोणाच्या जावेकडून ऐकून आलेलं. भाव ऐकतं, गप्प होतं, आणि माझ्या खांद्याकडे बघतं. सगळ्या बोरिवलीला माझी तिसरी काठी पाठ झालीय.

म्हणून मी दर सोमवारी गोराईला जातो. ओट्यावर दोघं बसलेली असतात, चिंच नाहीतर वाल सोलत. मी स्टूल ओढतो आणि सरळ विचारतो. गाळा तुमचा नव्हता तर मला आधी का नाही सांगितलंत? स्वतः कधी न हरवलेली म्हातारी मला हरवायला का लावलीत? आणि माझं गिऱ्हाईक मलाच उलटं शिकवून ठेवलंत, आता तुमच्यामागे मी कोणाशी भांडायचं?

तो काही बोलत नाही. ती काही बोलत नाही. दोघं माझ्या खांद्याकडे बघत राहतात.

पूर्वीचा मी असतो तर आणखी चार वाक्यं बोलून मोकळा झालो असतो. आता नाही. आजही माझं विचारून झालंय. शेवटची बोट सुटली तरी भाईंदरकडून रस्ता आहे, मी तिकडून जाईन. पण दोघांपैकी एकाने याचा जाब मला दिलाच पाहिजे, आणि तो मिळेपर्यंत मी ह्या स्टुलावरून उठणार नाही आणि तोंडही उघडणार नाही.